पानाचा अर्क नेमका कशावर तपासला, ते बातमीत छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

"अमुक झाडाच्या पानात कॅन्सर मारायची ताकद", "तमुक वेलीच्या अर्काने जिवाणूंचा खात्मा", "या पानांचा अर्क डायबेटीसवर गुणकारी, संशोधकांचा दावा" अशा बातम्या आता सतत कुठे ना कुठे वाचायला मिळतात आणि आपल्या पेपरातही येतात, म्हणून हे पत्र लिहितेय. बातमी खोटी असते असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. बहुतेक वेळा मागे खरंच कुणीतरी, बरेचदा कॉलेजातल्या पोरापोरींनी, उन्हातान्हात फिरून पानं गोळा करून, वाळवून, अर्क काढून मेहनतीने प्रयोग केलेला असतो. पण तो प्रयोग केला कशावर, काचेच्या डिशमधल्या जिवाणूंवर, उंदरांवर की माणसांवर, हे एकतर बातमीत नसतंच नाहीतर पार शेवटच्या ओळीत असतं. आणि ज्याच्या घरात पेशंट आहे तो माणूस शेवटच्या ओळीपर्यंत थांबत नाही हो, तो मथळा वाचूनच ते झाड कुठे मिळेल याची चौकशी सुरू करतो. मी वनौषधींच्या लॅबमध्ये शिकवण्यात बरीच वर्षं काढलीत आणि हे काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच ते लोकांपर्यंत नीट पोचावं असं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे पान कुठलं. हे सगळ्यात सोपं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते. एकाच नावाने तीन वेगळी झाडं ओळखली जातात, एकाच झाडाला दहा नावं असतात. म्हणून नियम असा आहे की ज्या झाडाची पानं घेतली त्याची फुलाफळासकट एक फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जमा करायची, वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून तिची ओळख पक्की करून घ्यायची आणि तिचा नंबर शोधनिबंधात द्यायचा. हे न केल्याने काय होऊ शकतं त्याचं फार वाईट उदाहरण बेल्जियमचं आहे. १९९० च्या सुरुवातीच्या काळात तिथे वजन कमी करायला दिलेल्या गोळ्यांमध्ये स्टेफानिया नावाच्या वनस्पतीच्या जागी चुकून अॅरिस्टोलोकिया गेली, चिनी नावं जवळपास सारखी असल्यामुळे. शंभरच्या आसपास लोकांच्या, बहुतेक बायकांच्याच, किडन्या खराब झाल्या, आणि पुढे त्यातल्या काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. आज अॅरिस्टोलोकिक अॅसिड हे माणसात कॅन्सर करणारं रसायन म्हणून जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. ते प्रकरण मुळांचं होतं, पानांचं नव्हे, पण ओळखीचा नियम दोन्हीला सारखाच.

मग अर्क. लोकांना वाटतं अर्क म्हणजे पानाचा रस. लॅबमध्ये तसं नसतं. पानं धुवून सावलीत वाळवतात, भुकटी करतात, ती भुकटी मेथॅनॉल, इथॅनॉल, इथाईल अॅसिटेट, हेक्झेन, पाणी अशा कुठल्यातरी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रसायनं विरघळवून घेणाऱ्या द्रवात, भिजत ठेवतात किंवा सॉक्स्लेट या अर्क काढायच्या उपकरणावर चढवतात, गाळतात, मग रोटरी इव्हॅपोरेटर या यंत्रावर सॉल्व्हंट उडवून खाली जो चिकट हिरवा-काळा गोळा उरतो तो अर्क. त्यात शेकडो वेगवेगळी रसायनं असतात. आणि महत्त्वाचं म्हणजे कुठला सॉल्व्हंट वापरला त्यावर अर्कात काय उतरलं ते ठरतं. मेथॅनॉलमध्ये जे येतं ते सगळं पाण्यात येत नाही, हेक्झेनमध्ये जे येतं ते तर पाण्यात जवळपास येतच नाही. त्यामुळे हेक्झेनच्या अर्कावर आलेला रिझल्ट वाचून कुणी घरी पानं उकळून काढा प्यायला लागला तर तो वेगळीच गोष्ट पितोय, ज्याची तपासणी झालेलीच नाही.

हे किती खरं आहे ते चीनच्या तू यूयू यांच्या कामात दिसतं. १९६७ साली मलेरियावर औषध शोधायला तिथे सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात त्या १९६९ मध्ये आल्या. त्यांनी जुन्या ग्रंथांतून हजारावर नुस्खे गोळा केले, कित्येक वनस्पतींचे अर्क काढून उंदरांच्या मलेरियावर तपासले. क्विंगहाओ म्हणजे आर्टेमिसिया अॅन्युआचा अर्क एकदा चांगला चालायचा, पुन्हा केला की चालायचा नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या नुस्ख्यात त्यांना दिसलं की तिथे उकळायला सांगितलेलंच नाहीये, मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्या असं लिहिलंय. त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने औषधाचा अंश नष्ट होत असावा, म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी विषारी भाग वेगळा केला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ नंबरच्या नमुन्याने उंदरांतला मलेरिया पूर्ण थांबवला. मग माकडं, मग १९७२ मध्ये स्वतः तू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क घेऊन पाहिला, मगच पेशंट. त्याच वर्षी शुद्ध आर्टेमिसिनिन, म्हणजे त्या अर्कातलं मलेरिया मारणारं रसायन, हाताला लागलं. २०१५ चं नोबेल त्यासाठी मिळालं. हे वाचून बरेच जण म्हणतात बघा, पानातच औषध होतं ना. होतं. पण आज जागतिक आरोग्य संघटना त्याच आर्टेमिसियाची पानं किंवा चहा मलेरियासाठी वापरू नका असंच सांगते, कारण पानात आर्टेमिसिनिन किती आहे ते झाडागणिक बदलतं, पाण्यात ते फारसं उतरत नाही, डोस कमी पडला तर पेशंट बरा होत नाही आणि मलेरियाचे जंतू औषधाला सरावतात. याच झाडाचं औषध चालतं आणि याच झाडाचा चहा चालत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या मधलं अंतर बातमीत यायला हवं.

आता त्या जिवाणूवाल्या बातम्या. यावर मी जरा सविस्तर लिहिते कारण कॉलेजातले बहुसंख्य प्रोजेक्ट याच टेस्टवर असतात. अगरच्या म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर जिवाणू पसरवायचे, प्लेटला छोटी छोटी भोकं पाडायची, एकात अर्क, एकात नुसता सॉल्व्हंट, एक अँटिबायोटिकची डिस्क, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ म्हणजे झोन मोजायचा. अर्काचा झोन १८ मिलिमीटर, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा २८ मिलिमीटर, समजा असं आलं. मग निष्कर्षात लिहितात की अर्क प्रमाणित अँटिबायोटिकच्या जवळपास परिणामकारक आहे, आणि तिथून ते बातमीत जातं.

पण आत किती टाकलं ते बघा ना. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कमध्ये औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. अर्क साधारण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या ताकदीचा केलेला असतो आणि भोकात ५० मायक्रोलिटर टाकतात, म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजेच ५००० मायक्रोग्रॅम. हजारपट! हजारपट माल टाकूनही झोन छोटाच आला, आणि आपण म्हणतो जवळपास सारखं. शिवाय झोनचा आकार नुसत्या ताकदीवर नसतो, ते रसायन अगरमधून किती पसरतं यावरही असतो, मोठे किंवा तेलकट रेणू पसरतच नाहीत, तेव्हा चांगल्या अर्काचा झोन छोटा आणि फालतू अर्काचा मोठा असंही होतं. म्हणून पुढची पायरी करायलाच पाहिजे, एमआयसी काढायची, म्हणजे द्रवात अर्क निम्मा निम्मा पातळ करत जायचं आणि कमीत कमी किती ताकदीला जिवाणूंची वाढ थांबते ते बघायचं. या विषयातले जाणकार सांगतात की कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे, एक मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्याला गुण म्हणूच नये. सिप्रोफ्लॉक्सासिनची ई. कोलाय या जिवाणूच्या तपासणीसाठी ठेवलेल्या ठराविक वाणावरची एमआयसी मिलिलिटरला ०.०१६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. आणि माणसाच्या रक्तात गिळलेल्या अर्कातलं एखादं रसायन मिलिलिटरला एक मिलिग्रॅम इतकं चढणं जवळपास अशक्य असतं. एमआयसीचा हा एक आकडा बातमीत छापला तरी वाचकाला पुष्कळ कळेल.

अँटिऑक्सिडंटबद्दल थोडक्यातच सांगते. डीपीपीएच नावाचं जांभळं रसायन असतं, त्यात अर्क घातला की ते पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरला मोजतात. जवळपास कुठल्याही हिरव्या पानाच्या अर्काने ते पिवळं पडतं कारण जवळपास सगळ्या पानांत फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड असतात. नळीतल्या रंगावरून शरीरातल्या कुठल्या आजाराचं काय होणार हे सांगता येत नाही, त्याची बातमी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅन्सरच्या पेशींचं जास्त नाजूक आहे, कारण तिथे वाचणारा माणूस घाबरलेला असतो. हेला, एमसीएफ-७ अशा नावांच्या कॅन्सरच्या पेशी लॅबमध्ये प्लेटमध्ये वाढवतात, अर्क घालतात, दोनतीन दिवसांनी किती जिवंत राहिल्या ते एमटीटी टेस्टने मोजतात, त्यात जिवंत पेशी रंग आणतात. पेशी मेल्या हे खरं असतं. पण प्लेटमधल्या पेशी जास्त मीठ घातलं तरी मरतात, अल्कोहोल घातलं तरी मरतात. प्रश्न असा असतो की किती कमी ताकदीला मेल्या आणि त्याच ताकदीला निरोगी पेशी जगल्या का. अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा जुना निकष असा की निम्म्या पेशी मारायला मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमपर्यंत अर्क पुरला तरच त्याकडे लक्ष द्यावं. आपल्याकडच्या बातम्यांमागचे आकडे कित्येकदा २००, ४०० असे असतात आणि निरोगी पेशींवर टेस्ट केलेलीच नसते. अजून एक, पानातली काही रसायनं एमटीटीला स्वतःच रंग आणतात, पेशी असो वा नसो, म्हणून बिनपेशींची एक प्लेट सोबत लावायची असते, ती लावली का हे कुणी विचारतच नाही. त्याच इन्स्टिट्यूटने १९६० ते १९८२ मध्ये साधारण ३५ हजार वनस्पतींचे १ लाख १४ हजार अर्क तपासले होते. त्यातून पेशंटपर्यंत पोचलेली औषधं बोटांवर मोजण्याइतकी, टॅक्सॉल हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. म्हणजे पहिल्या पायरीवर पास होणारे खूप असतात आणि शेवटपर्यंत टिकणारे अगदी थोडे, हा या कामाचा स्वभावच आहे, त्यात कुणाला कमीपणा नाही.

सदाफुलीची गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे कारण या क्षेत्रातली यापेक्षा शिकवणारी गोष्ट मला माहीत नाही. सदाफुलीच्या पानांचा चहा डायबेटीसवर चालतो असं जगात बऱ्याच ठिकाणी लोक मानायचे. कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्याकडे जमैकाहून ही पानं आली, तीही याच समजुतीमुळे. त्यांनी अर्क उंदरांना तोंडाने दिला, साखर हलली नाही. इथे बरेच लोक थांबले असते. त्यांनी तो इंजेक्शनने देऊन बघितला, तरी साखरेवर काही नाही, पण काही दिवसांनी उंदीर इन्फेक्शन होऊन मरायला लागले. का मरतात म्हणून बघितलं तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झालेल्या. पांढऱ्या पेशी कमी करणारं काहीतरी यात आहे, मग ज्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हे उपयोगी पडेल का, असा विचार झाला आणि त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, १९५८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पाठोपाठ त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन मिळालं जे लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, ज्या गुणासाठी पान तपासायला घेतलं तो गुण त्यांना सापडला नाही, आणि ते त्यांनी लपवलं नाही, उलट जे अनपेक्षित दिसलं त्याच्या मागे गेले. दुसरी गोष्ट वाचकांसाठी. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, ते शिरेतूनच देतात, डोस पेशंटच्या अंगाच्या क्षेत्रफळावरून मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि दर वेळी रक्त तपासून देतात. सदाफुलीची पानं चावून किंवा काढा करून कॅन्सर बरा होत नाही, आणि ते झाड विषारी आहे, तरी लोक ते करतात. कृपा करून करू नका.

प्राण्यांवरच्या प्रयोगाची बातमी आली की लोकांना वाटतं आता झालंच. तिथला डोसचा हिशोब एकदा मांडून बघते. समजा उंदराला म्हणजे मोठ्या पांढऱ्या रॅटला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क रोज दिला आणि साखर कमी झाली. उंदराचा डोस माणसाला लावताना सरळ किलोने गुणत नाहीत, आधी ६.२ ने भागतात, म्हणजे माणसाला किलोमागे साधारण ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम कोरडा अर्क. वाळलेल्या पानातून अर्क निघतो समजा दहा टक्के, म्हणजे रोज ४० ग्रॅम वाळलेली पानं, आणि ताज्या पानात तीन चतुर्थांश पाणी धरलं तर दीडशे ग्रॅमच्या वर ताजी पानं, रोज, कायमची. त्यात त्या उंदरांना डायबेटीस झालेला नसतो, स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अॅलॉक्सन टोचून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून तो केलेला असतो, बहुतेक माणसांना होणारा टाईप दोन हा वेगळा असतो. या मॉडेलमध्ये काही दिसणं म्हणजे पुढे बघायला कारण मिळालं एवढंच.

आणि सुरक्षिततेचं. "अर्क किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित आढळला" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या शोधनिबंधात असतं. ते येतं ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ नंबरच्या गाईडलाईनमधून. त्यात मोजक्या प्राण्यांना एकदाच डोस देतात आणि १४ दिवस बघतात. एकदा! त्यावरून महिनोन्महिने रोज घेतलं तर लिव्हरचं काय होईल ते कळत नाही, त्यासाठी २८ दिवसांची आणि ९० दिवसांची वेगळी टेस्ट असते आणि ती महाग आणि वेळखाऊ असल्याने फारसं कुणी करत नाही. कॉम्फ्रे नावाच्या वनस्पतीची पानं लोक वर्षानुवर्षं चहा करून प्यायचे, एका कपाने काहीच होत नाही, पण त्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात जे लिव्हरच्या बारीक शिरा हळूहळू बंद करतात, २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने तोंडाने घ्यायची कॉम्फ्रेची उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने फॉक्सग्लव्ह या विषारी फुलझाडाचं पानही आठवावं. त्याच पानातल्या डिजिटॉक्सिन आणि डिगॉक्सिन या जातीच्या रसायनांनी हृदयाच्या कितीतरी पेशंटना आधार दिला, पण डिगॉक्सिन रक्तात मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमच्या आसपास हवं आणि दोनच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती. झाडागणिक पान कमीजास्त कडक असायचं म्हणून एके काळी प्रत्येक मालाची ताकद बेडकांवर, मांजरांवर, कबुतरांवर मोजून मगच तो वापरायचे.

या फॉक्सग्लव्हवर सगळ्यात आधी नीट काम केलं विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने. एका घरगुती नुस्ख्यात वीसेक वनस्पती होत्या, त्यातली कामाची कुठली ते त्याने ओळखलं, पानं कधी तोडायची, कशी वाळवायची, किती द्यायची, कुठे थांबायचं हे दहा वर्षं पेशंट बघत ठरवलं आणि १७८५ मध्ये सगळं छापलं. त्यात त्याने फक्त बरे झालेले पेशंट निवडले नाहीत, ज्यांना गुण आला नाही, ज्यांना त्रास झाला तेही सगळे लिहिले आणि असं का केलं तेही सांगितलं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस! आज आपले विद्यार्थी दहा पानं तपासतात, आठांत काही मिळत नाही, ती आठ वहीत पडून राहतात आणि दोन छापतात. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातला दुसरा मुलगा तीच आठ पुन्हा तपासत बसतो.

माणसांवरच्या चाचणीचं एकच उदाहरण देते, पण ते पानाच्या अर्काचंच आहे. जिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. तो अंदाजपंचे काढलेला अर्क नाही, त्यात २४ टक्के फ्लॅव्होन ग्लायकोसाईड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन असं प्रमाण बांधलेलं आहे, म्हणजे प्रत्येक गोळी सारखी. अमेरिकेत ७५ वर्षं आणि त्यावरच्या ३०६९ लोकांना घेऊन, निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, असं साधारण सहा वर्षं चाललं. २००८ मध्ये निकाल आला की स्मृतिभ्रंश व्हायचं प्रमाण अर्काने कमी झालं नाही. लॅबमध्ये, प्राण्यांत जिंकोचे चांगले रिझल्ट भरपूर होते. म्हणून माणसांवरची चाचणी होईपर्यंत गुणकारी हा शब्द वापरूच नये असं मला वाटतं. अशा नकारात्मक निकालालाही पहिल्या पानावर जागा मिळावी, त्याने लोकांचे पैसे वाचतात आणि खोट्या आशेवर जाणारा वेळही.

तरुण मुलांना मी नाउमेद करतेय असं कुणी समजू नका. उलट मला वाटतं पानं तपासण्याचं काम अजून कितीतरी व्हायला हवं, फक्त दरवेळी पहिल्याच पायरीवर नको. झोन मिळाला की पुढे एमआयसी काढा, अर्काचे भाग पाडा, कुठल्या भागात गुण आहे ते शोधा, त्या भागाचे पुन्हा भाग पाडा, टीएलसीवर, म्हणजे अर्कातली रसायनं ठिपक्यांत वेगळी करणाऱ्या पट्टीवर, कुठला ठिपका जिवाणू मारतोय ते बघा. टॅनिन ही पानातली तुरट रसायनं आधी काढून टाका, ती कुठल्याही प्रोटीनला चिकटतात आणि खोटाच रिझल्ट देतात. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पानं वेगवेगळी तपासा. आणि एकाच अर्काचे तीन थेंब तीन भोकांत टाकून प्रयोग तीनदा केला असं लिहू नका, तीन वेगळ्या झाडांची पानं घेऊन तीनदा अर्क काढा. एका पानावर दोन वर्षं नीट काम केलेली मुलगी मला वीस पानांचे झोन मोजणाऱ्यापेक्षा जास्त शिकलेली दिसते. गाईड मंडळींनीही दरवर्षी नवीन झाड हवंच हा हट्ट सोडावा, आधीच्या बॅचने अर्धवट सोडलेलं झाड पुढच्या बॅचला द्यायला काय हरकत आहे.

जे वाचक आधीच कुठल्या पानाचा रस, काढा, गोळी घेतायत त्यांनी एवढं करावं की डॉक्टरकडे गेल्यावर ते सांगावं, लाजून किंवा ओरडा बसेल म्हणून लपवू नये. रक्त पातळ करायच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील, ऑपरेशन ठरलेलं असेल तर हमखास सांगावं, कारण पानातली काही रसायनं लिव्हरमध्ये औषधांचा निचरा वाढवतात किंवा थांबवतात आणि मग नेहमीचाच डोस कमी पडतो किंवा जास्त होतो.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं असं की अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहरांनी संशोधकाला एवढं विचारावंच: झाडाची ओळख कुणी पक्की केली, पानाचा अर्क कशात काढला, तपासला कशावर, किती ताकदीला गुण दिसला आणि नेहमीचं औषध त्याच टेस्टमध्ये किती ताकदीला चाललं. प्रामाणिक संशोधक ही उत्तरं आनंदाने देईल, मला तर असं कुणी विचारलं असतं तर फार बरं वाटलं असतं. आणि उत्तर मिळालं की ते मथळ्यातच टाका, शेवटच्या ओळीत नको. "अमुक पानाच्या मेथॅनॉल अर्काने प्लेटमधल्या जिवाणूंची वाढ थांबली, प्राण्यांवर आणि माणसांवर चाचणी अजून बाकी", हा मथळा लांबलचक आहे हे मान्य, पण तो छापायला जागा होईल अशी माझी विनंती आहे.

आपली नियमित वाचक,
वनस्पती रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका